३६ तास, २१ दिवस आणि आमचे २६ सेकंद

प्रति,
मा. सचिव,
उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभाग,
वाणिज्य व उद्योग मंत्रालय, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी: यूट्यूबचा भारतातला कारभार पाहणारे अधिकारी, आणि मराठी चित्रपटांचे निर्माते

विषय: कॉपीराइट नियम, २०१३ मधला नियम ७५ आपलाच आहे, तो वापरात आणण्याबाबत

महोदय,

साताऱ्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवून मी निवृत्त झालो. तपासलेल्या वह्यांचा हिशेब ठेवला नाही; लाल शाईच्या बाटल्यांचा ठेवायला हवा होता. निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्यानं मला पुन्हा कामाला लावलं. पोवई नाक्याजवळ त्याचा छोटा स्टुडिओ आहे, लग्नामुंजीचे व्हिडिओ एडिट करतो. म्हणाला, "सर, वर्गात धडा फोडून सांगायचात, तसा सिनेमा फोडून सांगा. मी शूट करतो." तेव्हापासून आम्ही दोघं मराठी चित्रपटांवर बोलत आलो आहोत. बघणारे काही हजार. त्यातून जे मिळतं त्यात दोघांचा चहा सुटतो, वडापाव सुटत नाही.

कॉपीराइटचा कारभार २०१६ पर्यंत शिक्षण बघणाऱ्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे होता. मग तो आपल्या विभागाकडे आला. म्हणून एका मास्तराला व्यापाराच्या खात्याला पत्र लिहावं लागतं आहे.

झालं ते असं. एका निर्मिती संस्थेचा चित्रपट आला, आम्हाला मनापासून आवडला. परीक्षणात आम्ही त्याच्या ट्रेलरचे आणि आधीच प्रसिद्ध केलेल्या गाण्याचे मिळून ४० सेकंद दाखवले. संस्थेनं तो व्हिडिओ उचलून आपल्या पानावर लावला, खाली जोडलेल्या हातांची तीन चित्रं. दीड वर्षानं त्याच संस्थेचा पुढचा चित्रपट आला, तो नाही आवडला. १३ मिनिटांच्या परीक्षणात ट्रेलरचे २६ सेकंद घेतले. आई गेल्याची बातमी मुलाला कळते तो प्रसंग. त्या मुलाच्या चेहऱ्यावरून कॅमेरा चार वेळा हलतो; एकदा खिडकीकडे, एकदा पंख्याकडे, दोनदा उगाचच. माझं म्हणणं होतं की दिग्दर्शकाचा आपल्या नटावर भरवसा नाही आणि कॅमेऱ्यानं ते कबूल करून टाकलं आहे. हे म्हणायचं तर तो कॅमेरा हलताना दाखवायला नको? विद्यार्थ्याच्या निबंधातलं चुकलेलं वाक्य ज्या वहीत आहे त्याच वहीत त्याच्याखाली रेघ मारतात. शेजारच्या कोऱ्या कागदावर मारत नाहीत.

शुक्रवारी चित्रपट लागला. शनिवारी रात्री आम्ही व्हिडिओ टाकला. सोमवारी सकाळी त्याच्या जागी राखाडी चौकट होती: कॉपीराइटच्या तक्रारीवरून हटवला. चॅनेलवर एक स्ट्राइक. असे तीन स्ट्राइक ९० दिवसांत साचले की चॅनेलच बंद, आजवरचे सगळे व्हिडिओ गेले.

मंगळवारी फोन आला. संस्थेचं डिजिटल काम बघणाऱ्या एजन्सीतला मुलगा, बोलायला अगदी गोड. "सर, ते कॅमेऱ्याचं आणि शेवटचं 'तिकिटाचे पैसे वाया' एवढं काढा आणि परत टाका. क्लिप राहू द्या हो, क्लिपचा काही इश्यू नाहीये. स्ट्राइक मी मागे घ्यायला सांगतो."

क्लिपचा काही इश्यू नाहीये. हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत तारीख घालून उतरवून ठेवलं. ज्या २६ सेकंदांच्या चोरीची तक्रार झाली, त्या २६ सेकंदांबद्दल तक्रारदाराची तक्रारच नव्हती. त्याला खटकत होते माझे उरलेले साडेबारा मिनिटांचे शब्द, आणि त्यांचा कॉपीराइट माझा आहे.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण व्याकरण शिकवलेल्या माणसाला कलमं वाचायची भीती वाटत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२वं कलम सांगतं की काही कामांसाठी केलेला रास्त वापर हे हक्काचं उल्लंघनच नव्हे. वकील त्याला फेअर डीलिंग म्हणतात. टीका किंवा परीक्षण हे त्यातलं एक काम, मग ते त्याच कलाकृतीचं असो की दुसऱ्या कुठल्या. चालू घडामोडींचं वार्तांकन हे दुसरं. ही सवलत इंटरनेटनं आणलेली नाही. आपल्याकडचा १९१४चा कायदा ब्रिटिशांच्या १९११च्या कायद्यावरून बेतला होता, तेव्हापासून ती आहे. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावानं 'झेंडूची फुले' १९२५ साली काढली आणि रविकिरण मंडळाच्या कवींची रेवडी उडवली, तेव्हाही ती होती. विडंबनाला मूळ कवितेची चाल, तिचे लाडके शब्द, तिचा आव, सगळं घ्यावं लागतं. त्याशिवाय हसू येत नाही. त्या कवींपैकी कोणाच्या हाती तेव्हा छापखान्याला परस्पर कळवून ३६ तासांत गठ्ठे उचलायला लावण्याचं साधन असतं, तर मराठी विडंबनाचं काय झालं असतं याचा विचार मी अधूनमधून करतो.

(ब्रिटननं २०१४ मध्ये आपल्या कायद्यात विडंबनाची सवलत नाव घेऊन घातली. आपल्या ५२व्या कलमात 'विडंबन' हा शब्द नाही; त्याला टीकेच्या छत्रीखाली अंग चोरून उभं राहावं लागतं. कधीतरी कलमाला हात घालाल तेव्हा हेही बघा.)

रास्त म्हणजे किती, हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे येऊन गेला आहे, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. तोप्पिल भासी यांचं 'निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की' हे नाटक १९५२ साली केपीएसी या नाट्यसंस्थेनं रंगमंचावर आणलं. नावाचा अर्थ 'तुम्ही मला कम्युनिस्ट केलंत'. केरळात कम्युनिस्ट पक्ष घरोघरी पोचला त्यात या नाटकाचा वाटा मोठा मानतात. चाळीसेक वर्षांनी, १९९५ मध्ये, सिव्हिक चंद्रन यांनी त्याचं प्रतिनाटक लिहिलं. त्याचं नाव विचारतं की तुम्ही नक्की कोणाला कम्युनिस्ट केलंत? त्यांनी जुन्या नाटकातली पात्रं घेतली, प्रसंग घेतले, संवादही घेतले, आणि त्या क्रांतीत कष्टकऱ्यांच्या पदरात शेवटी काय पडलं ते त्याच पात्रांना विचारलं. भासी तोवर वारले होते. त्यांच्या वारसांनी न्यायालयात धाव घेतली: आमचं नाटक चोरलं.

आपल्या एजन्सीवाल्या मुलाच्या हिशेबानं ही तर दिवसाढवळ्या चोरी. २६ सेकंद नव्हे, पानंच्या पानं घेतलेली. केरळ उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये तीन गोष्टी तपासल्या. जे घेतलं ते किती आणि केवढ्या मोलाचं, आणि त्यावरच्या टीकेच्या मानानं ते किती. घेतलं कशासाठी. आणि घेणारा मूळ कृतीच्या बाजारात तिचा स्पर्धक होण्याची शक्यता किती. पात्रं आणि संवाद घेतले होते ते जुन्या नाटकावर आणि त्यामागच्या राजकारणावर टीका करायला. प्रतिनाटक बघितलं म्हणून मूळ नाटक बघण्याची कोणाची गरज भागत नव्हती. न्यायालयानं कौल चंद्रन यांच्या बाजूनं दिला.

या तीन कसोट्या मी आमच्या २६ सेकंदांना लावून पाहिल्या, तिन्हींवर ते उतरले. शाळेत गणिताचे तास घेतले नसले तरी एवढं जमलं.

पण इथेच मेख आहे. सिव्हिक चंद्रन यांचा निवाडा न्यायाधीशानं केला. आमचा निवाडा एका फॉर्मनं केला. फॉर्म भरणाऱ्याला एका चौकटीत खूण करायची असते की हा वापर हक्कधारकाच्या परवानगीचा किंवा कायद्यानं मुभा दिलेला नाही असा माझा प्रामाणिक समज आहे. समज प्रामाणिक आहे की नाही हे तपासणारं पलीकडे कोण बसलेलं आहे, मला माहीत नाही. सोमवारी सकाळपर्यंत तरी कोणी तपासलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, प्रत्युत्तर द्या. ती सोय आहे, आणि ती बघून मी थक्क झालो. प्रतिनोटिशीत नाव, घरचा पत्ता, फोन नंबर द्यायचा आणि हे सगळं तक्रारदाराकडे जाणार. आणि अमेरिकेबाहेर राहणाऱ्यानं एका वाक्याला मान्यता द्यायची: यूट्यूब जिथे आहे तिथल्या अमेरिकी केंद्रीय न्यायालयाचा अधिकार मला मान्य आहे. म्हणजे कॅलिफोर्निया. साताऱ्याच्या मास्तरानं, कोल्हापुरात चित्रित झालेल्या मराठी सिनेमातला हलणारा कॅमेरा साताऱ्याच्या लोकांना दाखवला, तर त्याचा बचाव करायला कॅलिफोर्नियाच्या कोर्टाला मान तुकवायची. हे सगळं केलंच, तर तक्रारदारानं खटला न भरल्यास साधारण १० कामकाजाच्या दिवसांनी व्हिडिओ परत येतो. दोन आठवडे. मराठी चित्रपटाला दुसऱ्या शुक्रवारी किती खेळ उरतात आणि ते दुपारी पावणेबाराचे कसे होतात, हे निर्मात्यांना मी सांगायला नको. परीक्षण परतून येईपर्यंत चित्रपट गेलेला असतो. तक्रार टिकावी अशी तक्रारदाराची इच्छाच नसते, ती दोन आठवडे पुरली की झालं.

माझ्या विद्यार्थ्याच्या घरात लहान मूल आहे. घरचा पत्ता अनोळखी माणसांकडे द्यायला त्याची बायको तयार झाली नाही. त्यातून कोणीतरी त्याला सांगितलं होतं की कॉपीराइटच्या गुन्ह्यात पोलीस थेट उचलतात. घाबरवणाऱ्यानं अगदीच थाप मारली नव्हती. ६३व्या कलमाखाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये सांगितलं. ते कलम नकली माल विकणाऱ्यांसाठी आहे हे मला कळतं. पण रात्री अकरा वाजता फोनवर कलमं वाचणाऱ्या लग्नाच्या एडिटरला ते कळावं कसं? आम्ही प्रतिनोटीस दिली नाही.

आमच्यासारख्या किरकोळ माणसांवरच हे येतं असं नाही. 'न्यूजलाँड्री' वृत्तवाहिन्यांच्या वार्तांकनावर टीका करते आणि टीका करताना त्या वाहिन्यांच्या क्लिप दाखवते. ऑक्टोबर २०२१ मध्ये टीव्ही टुडे समूहाच्या कॉपीराइट तक्रारींवरून तिचं यूट्यूब चॅनेल गोठलं, मग दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा झाला. जुलै २०२२ मध्ये न्यायालयानं तात्पुरती मनाई नाकारली आणि वाद अपिलात गेला. मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरनं जाहीर आरोप केला की एएनआय वृत्तसंस्थेनं काही सेकंदांच्या फूटेजवरून स्ट्राइक दिले आणि ते काढायचे तर लाखो रुपयांचा परवाना घ्यायला सांगितलं. एएनआयचं म्हणणं की फूटेज आमच्या मालकीचं आहे आणि ते वापरणाऱ्याकडून पैसे मागणं हा आमचा हक्क आहे. मंगल यांच्यावर बदनामीचा दावा झाला आणि न्यायालयाच्या सांगण्यावरून त्यांना व्हिडिओतले काही भाग काढावे लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्या विडंबनगीतावरून मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड झाली, आणि पाठोपाठ त्यांच्या कार्यक्रमाच्या व्हिडिओवर टी-सीरिज या संगीत कंपनीचा कॉपीराइटचा दावा लागला. तिथे दावेदार आणि ज्यांच्यावर टीका झाली ते वेगळे होते, हे नोंदवायला हवं. कामरा यांचं राजकारण मला पटतं की नाही हा या पत्राचा विषय नाही.

ही तिन्ही प्रकरणं एका मापाची नाहीत. कुठे हक्कधारकाची बाजूही वजनदार आहे. वृत्तसंस्थेचा कॅमेरामन उन्हात उभा राहतो, त्याचा पगार फूटेजच्या विक्रीतूनच निघतो. पण प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट घडली. वापर रास्त होता की नव्हता याचा निकाल लागायच्या आत शिक्षा भोगून झाली होती.

यात यूट्यूबर मंडळींचं अज्ञानही कमी नाही, तेही लिहून टाकतो. कितीतरी मराठी व्हिडिओंच्या खाली इंग्रजी परिच्छेद चिकटवलेला असतो: अमक्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे हा फेअर यूज आहे. कलम १०७ अमेरिकेच्या १९७६च्या कायद्यातलं. दुकानाच्या दाराला लिंबूमिरची बांधावी तसा तो परिच्छेद बांधलेला असतो, आणि नजर लागायची ती लागतेच. आमच्याही व्हिडिओंखाली तो होता. मी काढायला लावला आणि ५२व्या कलमाचं एक साधं मराठी वाक्य लिहायला लावलं. विद्यार्थ्याचं मत पडलं की त्यानं काही फरक पडणार नाही. त्याचं मत बरोबर निघालं.

आता नियम ७५. हे पत्र खरं तर त्याच्यासाठी आहे.

२०१३ साली केंद्र सरकारनं कॉपीराइट नियम केले. नेटवर साठवलेल्या मजकुराबद्दल मधल्या सेवा देणाऱ्याकडे तक्रार कशी करायची ते नियम ७५ मध्ये आहे. मी तो चार वेळा वाचला, कारण पहिल्या वेळी विश्वास बसला नाही. तक्रारीत काय काय हवं त्याची यादी आहे. कलाकृतीचं वर्णन, ती आपली असल्याचा पुरावा, हे ओघानं आलंच. पुढे म्हटलं आहे की वादातला वापर कलम ५२ खाली किंवा या कायद्यानं दिलेल्या दुसऱ्या कुठल्या मुभेखाली बसत नाही, हे तक्रारदारानं तपशील देऊन दाखवायचं. म्हणजे 'हे परीक्षण नाही' हे सिद्ध करण्याचं ओझं परीक्षणाच्या विरुद्ध तक्रार करणाऱ्यावर. आणि शेवटी एक हमी: अपलोड करणाऱ्याविरुद्ध मी योग्य न्यायालयात दावा लावीन आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून दाखवीन. सेवा देणाऱ्याचं या तपशिलावरून समाधान झालं, तर त्यानं ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा. २१ दिवसांत आदेश आला नाही, तर पुन्हा उघडायची मुभा त्याला कायद्यानंच आहे. त्याच मजकुराबद्दल तोच तक्रारदार पुन्हा आला, तर त्याला उत्तर देण्याचं बंधन नाही.

ज्यानं कोणी हा नियम लिहिला त्या अधिकाऱ्याला माझा नमस्कार कळवा. आमच्या निर्मात्याला जर दर तक्रारीबरोबर 'मी २१ दिवसांत कोर्टात जाईन' असं सही करून द्यावं लागलं असतं, तर एजन्सीतल्या त्या मुलाचा फोन आलाच नसता. २६ सेकंदांसाठी वकिलाची फी कोण भरतो?

हा नियम अमलात का नाही? वकिलांना विचारलं तर ते म्हणतात, नियम ज्या पोटकलमावर उभा आहे ते क्षणिक किंवा आनुषंगिक साठवणीबद्दल बोलतं. यूट्यूबवर कायमचा पडून असलेला व्हिडिओ क्षणिक म्हणायचा का? प्रश्न रास्त आहे. सुपर कॅसेट्स (म्हणजे टी-सीरिज) आणि मायस्पेस यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं २०१६ मध्ये मध्यस्थ कंपन्यांची जबाबदारी कुठे सुरू होते ते सांगितलं, ३६ तासांची मुदतही तिथे आली. पण तक्रारदाराची हमी, कलम ५२चा तपशील आणि २१ दिवसांनंतरचं पुन्हा उघडणं हे सगळं गुंडाळून ठेवून नियमातला फक्त पहिला अर्धा भाग, बंद करण्याचा, सगळ्यांच्या अंगवळणी पडला. कंपनीला तो सोयीचा आहे. अमेरिकेत तिला १९९८च्या कायद्याप्रमाणे असंच करावं लागतं, मग जगभर एकच फॉर्म चालवला की काम भागतं. भारतात मात्र नियम ३६ तास देतो ते समाधान झाल्यावर. ते समाधान कशानं झालं, हे आमच्या बाबतीत कोणी सांगू शकेल का?

तर मागणी अशी. नियम ७५ व्हिडिओ साठवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही पूर्ण लागू आहे, एवढं आपण लेखी स्पष्ट करावं. नवा कायदा नको, समिती नको, कार्यशाळा तर मुळीच नको. भारतातल्या माणसानं भारतातल्या माणसाविरुद्ध केलेल्या तक्रारीचा फॉर्म भारताच्या नियमाप्रमाणे असावा, आणि त्यात कलम ५२ बद्दल खूण करायची चौकट नसावी. चार ओळी लिहायची जागा असावी. चार ओळी लिहिताना माणूस विचार करतो. हे मी वर्गात पाहिलं आहे: योग्य पर्यायावर खूण करा म्हटलं की पोरं खिडकीबाहेर बघत खूण करतात, कारण लिहा म्हटलं की निदान पेन तरी चावतात. आणि प्रतिनोटीस देणाऱ्याला साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयाचा अधिकार मान्य करायला सांगा. तो आम्ही कधीच नाकारला नव्हता.

दुसरी गोष्ट ६०व्या कलमाची. मालकी सांगून कोणी कॉपीराइटच्या कारवाईची विनाकारण धमकी दिली, तर त्या धमकीची झळ बसलेला माणूस उलट दावा लावू शकतो, मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकतो. किती चांगलं कलम! पण आमचा तक्रारदार आम्हाला धमकी देत नाही, तो परस्पर यूट्यूबला सांगतो. घरमालकाला कळवून भाडेकरूचं पाणी तोडावं, तशातली गत. कंपनीकडे केलेली खोटी तक्रार ही ६०व्या कलमातली धमकीच आहे, हे कायद्यात एका ओळीत यायला हवं. अमेरिकेच्या ज्या कायद्यानं हे सगळं सुरू झालं त्यातही खोट्या तक्रारीला भरपाईची तरतूद आहे. २००३ मध्ये डीबोल्ड या मतदान यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत ईमेल बाहेर आल्या, त्यात यंत्रांच्या दोषांची चर्चा होती. स्वार्थमोर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी त्या नेटवर ठेवल्या. कंपनीनं कॉपीराइटच्या नोटिसा धाडल्या, जणू त्या ईमेलच्या कादंबऱ्या करून कोणी विकणार होतं. न्यायालयानं २००४ मध्ये कंपनीनं जाणूनबुजून खोटा दावा केल्याचं ठरवलं आणि तिला सव्वा लाख डॉलर मोजावे लागले. आमच्याकडे नुकसान दोन चहांचं आहे. भरपाईत तेवढंही चालेल, पण मिळायला हवी.

आता प्रत ज्यांना पाठवली त्या निर्मात्यांना दोन शब्द. चित्रपट लागल्याच्या रात्री अख्खा सिनेमा टेलिग्रामवर फिरतो तेव्हा तुमचं काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. अडीच तासांच्या सिनेमाची दृश्यं सलग लावून वर नुसतं कथानक सांगणारे 'एक्सप्लेन' व्हिडिओ मलाही परीक्षण वाटत नाहीत. ते बघून माणूस खरोखर थिएटरला जात नाही. त्यांच्यावर तक्रार करा, आम्ही टाळ्या वाजवू. केरळची तिसरी कसोटी त्यांच्यासाठीच आहे. पण आमचं परीक्षण बघून जो तिकीट काढत नाही, तो तुमचा सिनेमा बघून झाला म्हणून काढत नाही असं थोडंच आहे? तो आमच्या मतावर भरवसा ठेवतो. मत चुकीचं असेल तर सांगा, खोटी माहिती दिली असेल तर बदनामीचा कायदा आहे. आणि पहिल्या सिनेमाचं कौतुक तुम्ही आपल्या पानावर लावलंत, त्यात आमचा आवाज, आमचं लेखन, आमचं एडिटिंग होतं. परवानगी विचारली नव्हतीत. आम्हाला आनंदच झाला होता.

दोन आठवड्यांनी तक्रार आपोआप मागे घेतली गेली. कोणी, का, काही कळलं नाही. व्हिडिओ परत आला, तोवर चित्रपट साताऱ्यातून उतरला होता. परत आल्यावर तो ४३ जणांनी पाहिला.

त्यानंतर आम्ही क्लिप वापरणं सोडलं. गेल्या महिन्यात एका दुसऱ्या निर्मात्याच्या चित्रपटावर बोलताना विद्यार्थ्यानं स्टुडिओत फळा आणून ठेवला आणि म्हणाला, "सर, शॉट काढून दाखवा." मी खडूनं एक चौकट काढली, तिच्यात उभी आई, मागे दार, दारातून येणारा उजेड म्हणून तिरप्या रेघा. हा शॉट सुंदर आहे असं मला सांगायचं होतं. या वेळी तर कौतुकच होतं. व्हिडिओखाली एका बाईंनी विचारलं, सर, त्या चित्रात दार कुठलं आणि आई कुठली?

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, सातारा